दोन इंच माया

मधलं बटण आणि त्याचं काज यांच्यात तीन बोटं अंतर उरलं होतं आणि मास्तर आरशासमोर डोळे मिटून उभे होते.

"लागलं?" त्यांनी विचारलं.

"नाही," लेक म्हणाली.

"नीट ओढ."

"बाबा, आणखी ओढलं तर बटण समोरच्यांच्या घरात जाईल."

मास्तरांनी कोट उतरवला, आत न बघताच हँगरला लावला आणि ते पलंगावर बसले. तळमजल्यावरच्या आपल्या दुकानात त्यांनी शेकड्यांनी कोट शिवले होते. हा एकच त्यांच्यासाठी त्यांच्या बायकोने शिवला होता. दुकानाला पंचवीस वर्षं होतील त्या दिवशी हाच घालून दुकानापुढे फोटो काढायचा, असं तिने बजावून ठेवलं होतं. ती जाऊन दीड वर्ष झालं. या दीड वर्षात मास्तर चौथ्या मजल्यावरून लिफ्टने खाली येत, मशीनवर बसत, लिफ्टने वर जात आणि पुढ्यात येईल ते खात. फोटोला तीन महिने उरले होते.

"त्यात काय एवढं?" लेक म्हणाली. "आईने आत दोन इंच माया ठेवलीय. उसवा आणि सैल करा."

शिवणीच्या आत दुमडून ठेवलेल्या जादा कापडाला शिंपी माया म्हणतात. गिऱ्हाइकाचं पोट वाढलं की मास्तर तासाभरात ती मोकळी करून देत. पण आता त्यांनी मान हलवली.

"तिच्या टाक्याला हात लागणार नाही. कोट आहे तसाच राहील. मी कमी होईन. आणि उसवण्याच्या गोष्टी तू सांगू नकोस. सुईत दोरा ओवता येत नाही तुला."

लेक ऑफिसात संगणकापुढे बसायची आणि शिवणाचा विषय निघाला की उठून जायची. आताही ती उठून गेली.

दुसऱ्या दिवशी मास्तर जिन्याने निघाले. उतरताना ठीक होतं. चढताना दुसऱ्या मजल्यावर त्यांनी कठड्याला मिठी मारली. तिथे शाळेतून निवृत्त झालेले ड्रिलचे सर राहत. त्यांनी दार उघडलं.

"काय मास्तर, लिफ्ट बंद आहे?"

"लिफ्ट चालू आहे. मी बंद पडलोय."

कोटाची हकिगत ऐकून सरांचे डोळे चमकले. सात वर्षांत त्यांना विद्यार्थी मिळाला नव्हता. "मन घट्ट करा, मास्तर. शरीर मागोमाग येतं."

"मन घट्टच आहे, सर. कोटही घट्ट आहे, तीच तर अडचण आहे."

रोज पाच वेळा जिना चढायचं ठरलं. प्रगती मोजायची ती कोटावर, दर रविवारी. फितीवर मास्तरांचा विश्वास नव्हता. गिऱ्हाइकाला बरं वाटावं म्हणून ते स्वतःच पंचवीस वर्षं प्रत्येकाची कंबर एक इंच कमी करून मोठ्याने सांगत आले होते.

तीन रविवार गेले. अंतर तीन बोटं ते तीन बोटंच.

"राहू दे," मास्तर म्हणाले. "फोटो नको आणि काही नको." संध्याकाळी ते लिफ्टने वर आले आणि न जेवता भिंतीकडे तोंड करून झोपले.

लेकीने दुसऱ्या दिवशी रजा टाकली. बाबा दुकानात गेल्यावर तिने कोटाचं अस्तर उसवलं, बाजूच्या शिवणींतून एक बोटभर माया मोकळी केली आणि सगळं होतं तसं शिवून टाकलं. पकडले जाण्याची भीती नव्हती. मास्तर कोट घालताना डोळे मिटत आणि त्याच्या आत कधी बघत नसत. ते टाके दिसले की त्या दिवशी त्यांच्याने मशीन चालववत नसे.

रविवारी अंतर दोन बोटं भरलं.

"एक बोट गेलं!" मास्तर ओरडले. त्या दिवशी ते आठ वेळा जिना चढले आणि जेवताना त्यांनी दुसऱ्यांदा वाढून घेतलं नाही.

सरांनी ही बातमी चारही मजल्यांवर पोचवली. "आमची पद्धत!" आठवड्याभरात जिन्यावर पाच माणसं झाली, मग अकरा. लिफ्ट तळमजल्यावर दार उघडं टाकून रिकामी उभी राहू लागली. रविवारी सगळे मास्तरांच्या खोलीत जमत आणि सर हुकूम सोडत, "मास्तर, कोट!"

इथे लेक अडकली. अकरा माणसांसमोर बाबा हरले तर पुन्हा भिंतीकडे तोंड करतील. तिने आणखी एक रजा टाकली, मग आणखी एक. तिसऱ्या रजेला माया संपली.

त्या रविवारी बटण लागलं. टाळ्या पडल्या. सरांनी भावनेच्या भरात स्वतःचंच अभिनंदन केलं. लेकीला वाटलं, सुटले.

पण मास्तर थांबले नाहीत. आता ते कठडा न धरता, बोलत बोलत पंधरा वेळा चढत होते. दुकानात उभं राहून कापड बेतत होते.

"बाबा, बटण लागलं ना? मग आता कशाला?"

"मी काय बटणासाठी चढतो?" असं म्हणून मास्तर स्वतःच चकित झाले.

फोटोच्या दिवशी मंडळी दुकानात जमली. मास्तरांनी कोट चढवला. त्यात आणखी एक शिंपी मावला असता.

"पद्धत जरा जास्तच लागू पडली," सर पुटपुटले.

"माणूस कमी होईल, कबूल. पण हे खांदे बरोबर आणि कंबरेला गोणपाट?" मास्तर म्हणाले. "माया कुठे गेली यातली?"

"मी उसवली," लेक म्हणाली आणि रडायला लागली.

मास्तरांनी कोट काढला. चष्मा लावला. दीड वर्षात पहिल्यांदा त्यांनी तो आतून उलटा केला आणि अस्तराच्या कडेवरून अंगठा फिरवला.

"खोटं बोलू नकोस. हे तिचे टाके आहेत. शेवटी दोन गाठी तीच मारायची."

"माझे आहेत, बाबा. तिने शिकवलं, तुम्ही खाली असताना. तुम्हाला कळलं असतं तर तुम्ही मला मशीनवर बसवलं असतं."

मास्तरांनी एकेक गाठ नखाने चाचपली. मग हळू आवाजात म्हणाले, "म्हणजे मी कमी झालोच नाही?"

"पहिली तीन बोटं माझी," लेक डोळे पुसत म्हणाली. "आज जे ढगळ होतंय ना, ते सगळं तुमचं."

मास्तरांनी शिवण उसवायचं पातं तिच्यासमोर ठेवलं, पुन्हा उचललं. "मी उसवतो, तू शीव. तिच्या टाक्यांची जुनी भोकं दिसतायत, त्यांच्यावरूनच घे." दोन टाके तोडून ते थांबले. "एवढं सुबक काम उसवायचं जिवावर येतं हो."

"फोटोवाला येईल आता. घाई करा!" सर म्हणाले.

"सर, तुम्ही तोवर दहा वेळा जिना चढून या."

तासाभरात कोट झाला. मास्तर दुकानापुढे उभे राहिले आणि डोळे उघडे ठेवून त्यांनी मधलं बटण लावलं. कोट अंगच्या कातडीसारखा बसला. फोटोवाल्याने कॅमेरा डोळ्याला लावला, तेवढ्यात मास्तरांनी बटण काढलं, लेकीला शेजारी ओढलं आणि कोटाची एक बाजू उघडून धरली.

"काका, बटण लावा ना. छान दिसत होतं."

"लागतं ते, सगळ्यांनी बघितलंय," मास्तर म्हणाले. "तू आतलं काम दिसेल असा काढ."