बंकरवाले सोनवणे काका

सोनवणे काका कुणाच्याही घरी पहिल्यांदा गेले की बूट काढायच्या आधी भिंत वाजवतात. बोटाच्या पेराने, दोनदा. नेदरलँड्समध्ये, न्यूनेनला आम्ही घर घेतलं, तेव्हा एका हातात पेढ्यांचा डबा घेऊन आले आणि दुसऱ्या हाताने टक् टक्.

"जिप्सम," ते म्हणाले. "गोळी तर सोडाच, खिळासुद्धा धरणार नाही."

बायको माझ्याकडे बघायला लागली. घर घेताना आम्ही ऊन पाहिलं होतं, बसस्टॉप पाहिला होता. गोळीचा विचार राहूनच गेला होता.

काका आइंडहोवनला चिप बनवणाऱ्या मशिनांच्या कामात तीस वर्षं होते. केसाच्या हजाराव्या भागाएवढी चूक झाली तरी झोप उडणारा माणूस. रिटायर झाल्यावर मात्र त्यांनी एकदम हातभर जाडीचं काँक्रीट जवळ केलं. आमच्या पूर्वेला, पेल नावाच्या दलदलीच्या भागातल्या कालव्याच्या काठाने, दुसऱ्या महायुद्धाच्या वेळचे छोटे छोटे बंकर अजून उभे आहेत. एका गाडीच्या गॅरेजएवढे. एक दार, समोर बंदुकीसाठी फट, डोक्यावर गवत, शेजारी गाई. डच लोक सायकलवरून जाताना त्यांच्याकडे ढुंकूनही बघत नाहीत. काका उतरतात आणि विचारतात, "काय म्हणताय?"

"फार लढायला मिळालंच नाही हो यांना," ते सांगतात, भाच्याला नोकरी लागली नाही अशा सुरात. "पण नीट बांधलेत."

'नीट बांधलंय' ही काकांची सर्वांत मोठी पदवी. ती बंकरला मिळते, काकूंच्या मोदकाला मिळते आणि एकदा एका लग्नात नवरीच्या अंबाड्यालाही मिळाली होती.

माझे सासू-सासरे पुण्याहून आले, तेव्हा मला सुट्टी नव्हती. "मी फिरवून आणतो," काका म्हणाले. सासूबाई ट्यूलिप बघायला म्हणून नवी साडी नेसून निघाल्या आणि चार बंकर बघून चिखलाच्या बुटांनी परतल्या.

"आमच्या सोसायटीची पंपाची खोली अगदी अशीच आहे," त्या म्हणाल्या.

"तिला बंदुकीची फट आहे?" काकांनी गंभीरपणे विचारलं.

मागच्या वर्षी काकांना एका बंकरची किल्ली मिळाली. तिथे हिवाळ्यात वटवाघळं मुक्कामाला येतात, म्हणून स्वयंसेवकांनी त्याला लोखंडी दार बसवलं होतं. वटवाघळं यायच्या आत वर्षातून एकदा झाडलोट करायची, एवढंच काम. पण काकांनी किल्लीचा फोटो सगळ्या नातेवाइकांना पाठवला.

ऑक्टोबरातल्या एका रविवारी दुपारी काकूंचा फोन आला. "हे आठला झाडू घेऊन गेलेत. बाराला जेवायला येणार होते. तीन वाजले, फोन लागत नाहीये. मैत्रेयी आलीय रे झूटरमेरहून, तिच्यासाठी वरण-वांगं करून बसलेय."

मैत्रेयी ही त्यांची एकुलती एक मुलगी. शाळेत जायला लागली तशी ती घरात डच बोलायला लागली. काका मराठीत विचारायचे, ती डचमध्ये उत्तर द्यायची. पुढेपुढे काकांचे प्रश्नही आखूड होत गेले. जेवलीस का, पोचलीस का, इतपत.

मी गाडी काढली. मैत्रेयी शेजारी बसली. वाटेत ती पोलिसांशी डचमध्ये बोलली, माझ्याशी इंग्रजीत. आवाज शांत होता, पण सीटबेल्टचा पट्टा तिने मुठीत पिळून धरला होता. बंकरपाशी काकांची सायकल दिसली. झाडालगत नीट कुलूप लावलेली. काका नव्हते. दार बंद होतं. ढकललं, हललं नाही.

मैत्रेयी धावत पुढच्या बाजूला गेली आणि फटीला तोंड लावून ओरडली, "बाबा!"

आतून खोकला आला. मग शांत आवाजात, "आलात का? दार वाऱ्याने आपटलं गं. चौकटीत अडकलंय. आतून ओढायला कडी नाही, वटवाघळांना लागत नाही ना."

मी गवतात बसलो आणि हसायला लागलो. घरी फोन लावला तर काकू पलीकडे रडत होत्या आणि "वांगं गरम करते" म्हणत होत्या. शेजारच्या शेतातला म्हातारा शेतकरी काय झालं बघायला आला होता. तो पहार आणायला परत गेला.

आणि इकडे मैत्रेयी सुटली. "बाबा, तुला काय कळतं का? एकटा कशाला आला इथे? सात तास! आई जेवली नाही. मी पण नाही जेवली! तू पडला असता तर? मला किती भीती वाटला, माहितीये तुला?"

सगळं मराठीत. मोडकंतोडकं, पण धबधब्यासारखं. इतकं मराठी तिच्या तोंडून मी कधी ऐकलं नव्हतं. एरवी माझंही व्याकरण दुरुस्त करणारे काका आतून चकार शब्द बोलत नव्हते. 'भीती वाटला'लासुद्धा नाही. तिने फटीतून हात आत घातला होता, आणि तो कुणीतरी आतून धरलेला होता.

शेतकरी पहार घेऊन आला. मी दारापाशी जाऊन हाक मारली, "काका, बाजूला व्हा, दार उघडतोय."

"थांब रे जरा," आतून हळू आवाज आला.

"का? लागलंय का कुठे?"

"नाही, नाही. मी मजेत आहे." मग थोडं थांबून, आणखी हळू, "बोलतेय ती."

मी शेतकऱ्याला खूण केली. त्याने पहार भिंतीला टेकवली, टोपी मागे सारली आणि आम्ही दोघं कालव्याकडे बघत उभे राहिलो.