शिळावर्तुळाच्या संरक्षणाबाबत

अकोट रस्त्याला लागून पुंजाजींच्या शेतात काळ्या दगडांचे एक वर्तुळ होते. त्याखाली सुमारे तीन हजार वर्षांपूर्वी एक माणूस पुरला गेला होता. एवढ्या काळात त्याचे कोणीही संरक्षण केले नव्हते, त्यामुळे तो सुरक्षित होता. वखर तिथे वळसा घेई. पेरणीआधी पुंजाजींच्या पत्नी मनकर्णाबाई एका दगडावर भाकर ठेवत.

मग रस्त्याच्या कामावरचे लोक गिट्टीसाठी त्या दगडांकडे पाहू लागले. मनकर्णाबाई घाबरल्या आणि त्यांनी सरकारकडे अर्ज केला.

"काहून बोलावलं तू त्याईले?" पुंजाजी म्हणाले. "आता ते येतीन."

"येऊ द्या ना. त्या मानसाचं घर हाय ते. गोटे कोनी हालवले नाई पायजे."

ते आले. संरक्षण अधिकारी रागिणी मॅडम यांनी वर्तुळ पाहून समाधान व्यक्त केले आणि शंभर मीटरच्या आत जमीन उकरण्यास मनाई केली. पुंजाजींची पेरणी या व्याख्येत बसली. वर्तुळाभोवती बांधायच्या संरक्षक भिंतीचा पाया त्यात बसला नाही, कारण तो संरक्षणासाठी होता. भाकरीवरही बंदी आली. तिच्या ओलाव्याने दगडाची झीज होते, असे निरीक्षण होते.

"मंग पानी पडते त्याचं काय?" मनकर्णाबाईंनी विचारले.

"पावसाला नोटीस देता येत नाही, काकू."

भिंत वारशाला शोभणारी हवी, म्हणून 'मूळ वर्तुळाशी रंग, पोत व वय यांत जुळणारा स्थानिक दगड' वापरण्याची अट होती. कंत्राटदार पिंटूभाऊ यांनी अचलपूरपर्यंतच्या खाणी पाहिल्या. रंग मिळाला, वय मिळेना. अटीत पूर्ण बसणारा दगड पंचक्रोशीत एकाच ठिकाणी होता, आणि तिथून वाहतुकीचाही खर्च नव्हता.

भिंत पूर्ण झाल्यावर मनकर्णाबाई आत डोकावल्या. आत सपाट जमीन होती.

"मॅडम, गोटे कुठी गेले?"

"भिंतीत आहेत. सिमेंटमध्ये. आता ते कोणालाच हलवता येणार नाहीत. तुमची मागणी हीच होती ना?"

अर्ज निकाली निघाला.

आता रविवारी अमरावती आणि अकोल्याहून गाड्या येतात. इतक्या प्राचीन लोकांना सिमेंट माहीत होते, याचे पर्यटकांना कौतुक वाटते. रस्त्यावर गाड्यांची कोंडी होऊ लागली, तेव्हा भिंतीच्या आतली मोकळी जागा पार्किंगसाठी मंजूर झाली. शेती बंद पडल्याने मनकर्णाबाईंना तिथे शिट्टी देऊन उभे करण्यात आले. त्या शिट्टी वाजवत नाहीत. प्रत्येक गाडीजवळ जाऊन हळू सांगतात, "जरा जपून घ्या, बाप्पा. खाली मानूस हाय."

गेल्या रविवारी तुम्हीही आला होता. तुम्ही इतरांसारखे हसला नाहीत. काच खाली करून त्यांचे म्हणणे शेवटपर्यंत ऐकून घेतलेत, आणि गाडी सावलीत लावता येईल का, एवढेच विचारलेत.