घर सिगारेट ओढायला गेलं आहे

आमच्या घराला सिगारेटची सवय लागली ती गेल्या दिवाळीच्या सुट्टीत, आणि त्याला जबाबदार पाहुणे आहेत, आम्ही नाही. हे सुरुवातीलाच लिहून ठेवतो, कारण आमच्या गावात, करंजवण्यात, उलटंच बोललं जातं. मी स्वतः एकवीस वर्षांपूर्वी सोडली. माझ्या बायकोने, कुंदाने, वेलदोड्यापलीकडे कसली चैन केलेली नाही.

घर चौतीस वर्षांचं आहे. चिऱ्याचं, कौलारू, पुढे ओटी आणि समोर सुरूचं बन ओलांडलं की समुद्र. बांधलं तेव्हा आमचा निनाद दोन वर्षांचा होता. दोघं बरोबरीने वाढले, त्यामुळे घरही आम्हाला अण्णा आणि आई म्हणायचं आणि स्वतःला मुलगाच समजायचं. पुढे निनाद पुण्याला गेला, तिथेच रमला, आणि मागच्या वर्षी त्याने घराचे फोटो काढून सुट्टीला येणाऱ्यांसाठी मोबाइलवर टाकले. गणपती झाल्यावर आम्ही दोघं मागच्या गोठ्यात राहायला गेलो. गोठा रिकामाच होता. फरशी घातली, पंखा लावला, चांगली खोली झाली. आता निम्मं गाव असंच राहतं, पुढे पाहुणे आणि मागे मालक.

सुरुवातीला मला न्हाणीघराच्या झडपांत राख सापडायची. मी प्रत्येक पाहुण्याला विचारलं, प्रत्येकाने कानावर हात ठेवले, आणि मी एकावरही विश्वास ठेवला नाही. मग एका सोमवारी, घरात कोणी नसताना, चादरी बदलायला गेलो तर कौलांच्या फटींतून निळसर धूर निघत होता आणि खिडकीच्या दोन गजांमध्ये अर्धी सिगारेट धरलेली होती.

"किती दिवस चाललंय हे?" मी विचारलं.

"पाहुणे ठेवून जातात खिडकीत," घर म्हणालं. "एखादीच ओढतो, साखळकर साहेब."

साहेब म्हणायला ते पाहुण्यांकडून शिकलं असावं. मला त्यात आदर वाटला, म्हणून मी तो विषय काढला नाही.

कुंदा म्हणाली, "चार शिव्या घाला चांगल्या. निनादने ओढली असती तर काय केलं असतंत?" पण माझी एकतीस वर्षं सरकारी कचेरीत परिपत्रकं लिहिण्यात गेली. शिव्या घालायला कोणालाही येतं, नियम करायला डोकं लागतं. मी पत्र्याचा बोर्ड रंगवून घेतला आणि ओटीवर ठोकला. त्यातला नियम क्रमांक चार असा होता: "धूम्रपान करावयाचे असल्यास घराबाहेर जाऊन करावे. हा नियम सर्वांना सारखाच लागू राहील." हे दुसरं वाक्य मी सवयीने घातलं. त्याच्याशिवाय परिपत्रक मला उघडं वाटतं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सव्वासहाला घर सिगारेट ओढायला बाहेर गेलं.

त्या दिवशी बालेवाडीचे श्री. आणि सौ. गुगळे मुक्कामाला होते. घराने जाताना सामान नेलं नाही, पाहुणे नेले नाहीत, तेवढी समज त्याला आहे. भिंती, ओटी, दारं, खिडक्या आणि कौलं तेवढी गेली. जोत्यावर पलंग होता, कपाट होतं, सौ. गुगळे आरशासमोर केस विंचरत होत्या, आणि दोन पावलांवर श्री. गुगळे बादलीशेजारी साबण लावून उभे होते. मी लगबगीने टॉवेल दिला.

"घर कुठे गेलं?" ते म्हणाले.

"बाहेर गेलंय. येईलच एवढ्यात."

"बुकिंग करताना हे लिहिलेलं नव्हतं."

"नियम चार बघा," मी म्हणालो. मग लक्षात आलं की बोर्डही भिंतीबरोबर गेलाय, म्हणून तोंडपाठ म्हणून दाखवला. गुगळ्यांनी दोनदा ऐकला आणि मान्य केलं की नियमात कुठेच खोट नाही. दहा मिनिटांनी घर सुरूच्या बनातून परत आलं, जोत्यावर बसलं, आणि श्री. गुगळ्यांनी आंघोळ पुरी केली. जाताना त्यांनी शेऱ्यात लिहिलं की हवा भरपूर आहे.

खरं सांगतो, मला अभिमान वाटला. एवढ्या नोकरीत माझा एकही नियम इतका तंतोतंत कोणी पाळला नव्हता.

आठवड्याभरात ग्रामसेवक मांडवकर दफ्तर घेऊन आले. मांडवकर पस्तिशीचे, शांत, आणि रजिस्टरमधली ओळ चुकली तर जेवण न जाणारे गृहस्थ आहेत. मला ते फार आवडतात.

"घर पाखाडीवरून जातं त्याला हरकत नाही," ते म्हणाले. "कोणाची वाट अडत नाही. प्रश्न नोंदीचा आहे. उताऱ्यावर घर आहे म्हणून लिहिलंय, आणि मी बघतो तेव्हा नसतं."

"थोड्या वेळासाठी नसतं."

"म्हणूनच विचारायला आलो. रहाट्यांचंही थोड्या वेळासाठीच गेलं होतं."

रहाट्यांचं घर खालच्या आळीतलं. मागच्या फाल्गुनात सिगारेट ओढायला म्हणून निघालं ते चालत महामार्गाला लागलं आणि तिथे लॉज होऊन बसलं. रहाटे त्याला आणायला गेले तर त्याने ओळख दाखवली नाही. आधार कार्ड मागितलं आणि डबल रूम शिल्लक नाही म्हणून सांगितलं. रहाटे आता मेहुण्याकडे राहतात.

मांडवकरांनी चहा घेतला आणि विचार करून तोडगा काढला. "तीन तासांपर्यंत मी 'घर बाहेर गेलं आहे' असं लिहीन. तीन तास उलटले की मला 'घर गेलं' असं लिहावं लागेल. ते शाईने लिहायचं असतं, साखळकर. मागून खोडता येत नाही."

मी सही केली. दहा मिनिटांना तीन तास म्हणजे चैनच होती.

पण दहाची वीस मिनिटं झाली, विसाची पन्नास. पौषात घर सव्वासहाला गेलं की दिवेलागण होऊन जायची. परत आल्यावर कोणाशी बोलायचं नाही. दारं कुरकुरायची आणि नळ गुरगुरायचे. मी नियम चारला वेळेची मर्यादा घालणारी पुरवणी काढली, ती त्याने वाचलीही नाही. एक दिवस कुंदा गोठ्याच्या दारात उभी राहून रिकाम्या जोत्याकडे बघत होती. "तुमचा नियम पाळला जातोय," ती म्हणाली, "आणि घर माझं चाललंय." त्या रात्री मला झोप आली नाही. त्या भिंतींचा एकेक चिरा मी स्वतः निवडून घेतला होता. मला भीती वाटत होती, आणि भीतीवर काढायचं परिपत्रक मला येत नाही.

मग तो रविवार आला. पाहुणे अकरा वाजता गेले. साडेअकराला घर निघालं. एक वाजला, आलं नाही. दीडला मांडवकर आले, जोत्यावर कपाटाची सावली धरून बसले आणि त्यांनी रजिस्टर मांडीवर उघडलं. "मला वाईट वाटतंय," ते म्हणाले, "पण अडीचला लिहावं लागेल." पेनाचं टोपण त्यांनी अजून काढलं नव्हतं, हा त्यांचा चांगुलपणा.

मी चपला घालून निघालो. पाठोपाठ कुंदा निघाली, हात पदराला पुसत.

घर बनापलीकडे वाळूवर उभं होतं, समुद्राकडे तोंड करून. न्हाणीघराच्या झडपांतून धूर येत होता. ओटीपर्यंत ओल चढलेली होती.

"दोन वाजले," मी म्हणालो. "चल."

"कशाला?" घर म्हणालं. "पाहुणे गेले. पुढचे शुक्रवारी यायचेत. तोवर तिथे कोण आहे?"

"आम्ही आहोत ना!"

"तुम्ही सकाळी येता, केर काढता, चादरी बदलता आणि जाता. नोकरी आहे तुमची, साखळकर साहेब. रिटायर झाल्यावर धरलीत, चांगलं केलंत. राहणारी माणसं गणपती झाल्यावर गेली. सामान घेऊन गेली. देवसुद्धा नेले. देव नेल्यावर परत कोण येतं?"

मी चपलेतली वाळू झटकली.

"अरे, आम्ही मागे राहतो," कुंदा म्हणाली. "गोठ्यात."

"गोठ्यात म्हैस असते."

"म्हैस जाऊन नऊ वर्षं झाली."

"मला कोणी सांगितलं नाही," घर म्हणालं.

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मागच्या भिंतीला खिडकी नाही. गोठ्याचा वास नको म्हणून मीच ठेवू दिली नव्हती. दीड फूट जाडीचा चिरा, त्यातून आवाजही जात नाही. आम्ही त्याच्या पाठीला पाठ लावून जेवत होतो, भांडत होतो, झोपत होतो, आणि त्याला वाटत होतं आपल्याला सोडून गेले. मला माझी लाज वाटली.

"मग ही सिगारेट कशाला लावून घेतलीस?" कुंदाने विचारलं. तिचा आवाज चढला होता, डोळे भरले होते.

घराने राख झटकली. "पाहुणे आत असले की मोबाइल बघतात. ओढायला ओटीवर आले की बोलतात. दिवाळीत एक जण खांबाला टेकून माझ्याशीच बोलला, अर्धा तास. त्याच्या बहिणीचं काहीतरी बिनसलं होतं. जाताना एक ठेवून गेला खिडकीत. मला वाटलं, ही पेटवली की माणसं बोलायला येतात."

"आली का?"

"तुम्ही आलात," घर म्हणालं. "तीन महिने लागले."

कुंदाने ओटीच्या खांबावर हात ठेवला आणि तिथली वाळू झटकली. "ऊठ," ती म्हणाली. "सव्वादोन झालेत, आणि तो मांडवकर तिकडे पेन घेऊन बसलाय. ताटं वाढायची राहिलीत माझी."

घराने सिगारेट ओल्या वाळूत विझवली आणि ते आमच्याबरोबर चालू लागलं. बनातून येताना कुंदा त्याला म्हशीचं काय झालं ते सांगत होती. मी मागून चालत होतो आणि घड्याळ बघत होतो.

दोन वाजून अठ्ठावीस मिनिटांनी ते जोत्यावर बसलं. पण बसताना उलटं बसलं. ओटी, दार, खिडक्या सगळं गोठ्याकडे आणि कोरी भिंत समुद्राकडे.

मांडवकर उठले, जोत्याला एक फेरी मारली आणि रजिस्टर चाळलं. "दिशेचा रकाना नाही," ते म्हणाले. त्यांनी 'घर आहे' असं लिहिलं, सही केली, आणि आमच्याकडे जेवून गेले.

शुक्रवारी आलेल्या पाहुण्यांनी विचारलं की फोटोतला समुद्र कुठे आहे. मी त्यांना भिंतीला वळसा घालायला सांगितलं. निनादचा दोनदा फोन आला. म्हणाला, लोक तक्रार करतात, खिडकी उघडली की समोर मालक जेवताना दिसतात. मी म्हटलं, "बरोबर आहे, दिसतो." बोर्डावर मी नियम क्रमांक नऊ वाढवला की पाहुण्यांनी मालकांच्या ताटात बघू नये. धूम्रपानाचा नियम होता तसाच आहे. त्यात दुरुस्ती करायला मला जागा सापडलेली नाही.

घराने सिगारेट सोडलेली नाही. रोज एक ओढतं, सव्वासहाला. इतके दिवस ते न सांगता उठून जायचं. काल कुंदा गोठ्याच्या दाराशी भात लावत होती, तिच्यापासून चार हातांवर ओटी. आतले पाहुणे नियमाप्रमाणे कपडे घालून, आपापल्या वस्तू धरून बसले होते. घर उठलं, जरा थांबलं.

"येतो गं आई," ते म्हणालं.

"ये," कुंदा म्हणाली, आणि तिने भाताखालचा गॅस बारीक केला.