छापायची राहिलेली प्रकरणं

“वाचून दाखवणं? त्यात काय! माझ्यापेक्षा झकास कुणी वाचून दाखवलं तर शिलाई मशीन विकून टाकीन!” सूनबाईंनी डॉक्टरांना तोंडावर सांगितलं.

सासूबाईंच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं होतं. महिनाभर अक्षर बघायचं नाही, असा हुकूम होता. आणि सासूबाई निवृत्त मेट्रन! जन्मभर हुकूम सोडलेले, पाळलेला एकही नाही. त्यांना गप्प बसवणारं औषध एकच. त्यांच्या तरुणपणीची टीव्हीवरची विनोदी मालिका. घड्याळं दुरुस्त करणारा एक वेंधळा आणि त्याची खवट घरमालकीण दर आठवड्याला कडाकडा भांडायचे आणि शेवटी एका बाकावर बसून हसायचे. सासूबाईंचा जीव होता त्या जोडीवर!

सूनबाईंनी वाचनालयातून मालिकेच्या संहितांचं जाडजूड पुस्तक आणलं. लोकांचे पडदे शिवायचं काम बाजूला सारलं आणि सुरू! घड्याळवाल्यासाठी नाकातला आवाज, घरमालकिणीसाठी कमरेवर हात. कंसात ‘दार आपटते’ असं आलं की कपाटाचं दार खरोखर आपटायच्या. सासूबाई हसून हसून आडव्या!

“अगं, डोळ्याला ताण येईल तिच्या!” आतून नवरा ओरडायचा.

“तू गप रे!” सासू आणि सून एका सुरात.

संहिता संपल्या. मग आलं घरमालकीण झालेल्या नटीचं आत्मचरित्र. तिसऱ्या प्रकरणात सूनबाई अडखळल्या. छापलं होतं, ‘कॅमेरा बंद झाला की आम्ही एकमेकांशी चकार शब्द बोलत नसू. अशी अकरा वर्षं काढली.’

“थांबलीस का गं?”

“ओळ जरा पुसट आहे, आई.”

समोर सासूबाई. डोळ्यावर पट्टी, ओठांवर हसू. ते हसू आपण पुसायचं? छे! सूनबाईंनी घसा खाकरला आणि ‘वाचलं’, “आम्ही दोघं म्हणजे अगदी सख्खे भाऊबहीण!”

झालं, इथे गाडी घसरली! भाऊबहीण म्हटल्यावर आजारपणात उशाशी बसणं आलं. तिनं त्याला स्वेटर विणणं आलं. पुस्तक एकशेऐंशी पानांचं. सूनबाई अंदाजे तीनशेव्या पानावर, तरी स्वेटरला दुसरी बाही नाही! सुचेनासं झालं की त्या घड्याळवाल्याला पाडायच्या. एकदा जिन्यावरून, दोनदा तळ्यात. सासूबाई आपल्या “हं, हं” करत पडून.

पट्टी सुटली, पण वाचायची परवानगी अजून नव्हती. पुस्तक परत करायला सूनबाई निघाल्या तर सासूबाईही हट्टानं बरोबर! त्या दिवशी नेमकं वाचनालयात बायकांचं मंडळ भरलेलं. प्रत्येकीनं हल्ली काय वाचलं ते सांगायचं. सासूबाई ताठ उभ्या राहिल्या आणि त्यांनी स्वेटर सांगितला.

“स्वेटर?” ग्रंथपाल बाई उडाल्याच. “मी तीनदा वाचलंय हे पुस्तक. स्वेटर कुठे आहे?”

“एकविसाव्या प्रकरणात!”

“अहो, प्रकरणं बाराच आहेत!”

सगळ्या माना सूनबाईंकडे वळल्या. सूनबाई खुर्चीखाली न पडलेली टाचणी शोधू लागल्या. ग्रंथपाल बाईंनी त्यांच्या पिशवीतलं पुस्तक काढलं आणि तिसरं प्रकरण खणखणीत वाचलं. अकरा वर्षं. चकार शब्द नाही.

सासूबाई मटकन बसल्या. मग उठून त्यांनी पुस्तक परत सूनबाईंच्या पिशवीत कोंबलं आणि तडक घर गाठलं. इतक्या वर्षांची त्यांची लाडकी जोडी आपल्यामुळे चारचौघींत मोडली! सूनबाईंना रडू फुटायचंच बाकी होतं.

“आई, चुकले मी. तुम्हाला वाईट वाटेल म्हणून...”

“अकरा वर्षं?”

“हो.”

“आणि दर आठवड्याला मला हसवत होते? कळूसुद्धा दिलं नाही?” सासूबाईंनी मांडीवर थाप मारली. “काय नट होते गं! आणि एवढं सोडून तू मला स्वेटर विणून दाखवतेस?”

“म्हणजे... तुम्हाला आवडत नव्हतं?”

“स्वेटरपर्यंत कशीबशी जागी होते. तो दुसऱ्यांदा तळ्यात पडला, त्यानंतरचं काही विचारू नकोस.”

“मग ते ‘हं, हं’? आणि मंडळात सांगितलंत ते?”

“तुला वाईट वाटेल म्हणून!” सासूबाई पाय पसरून ऐसपैस बसल्या. “हं, काढ तिसरं प्रकरण. आणि बाई, छापलंय तेवढंच वाच!”