बाबाला शंभरपैकी शंभर

बाबाचा अभ्यास आपणच करून टाकावा, हे मी एका मंगळवारी दात घासता घासता ठरवलं. आयुष्यातले मोठे निर्णय मी तोंडात फेस असतानाच घेते. (लहान निर्णयांना मला आठवडे लागतात.)

झालं असं, की बाबाच्या बस कंपनीने ऑगस्टमध्ये सगळ्या चालकांच्या मोबाइलवर एक ॲप घातलं. बावीस धडे, प्रत्येकी पाच मिनिटांचे. धडा संपला की पडद्यावर एक खार येऊन टाळ्या वाजवायची. तिच्या शेपटीवर लिहिलेलं असायचं, ‘कुठेही शिका, कधीही शिका’. तीस सप्टेंबरपर्यंत सगळे धडे पुरे केले नाहीत तर एक ऑक्टोबरपासून गाडी मिळणार नाही, हे शेपटीवर नव्हतं. ते सोबतच्या पत्रात होतं. पत्र मी वाचून दाखवलं. अलीकडे घरी येणारी सगळी पत्रं मीच वाचून दाखवत होते आणि प्रत्येक वेळी त्याला त्याच्या आळशीपणाबद्दल दोन शब्द ऐकवत होते.

बाबा म्हणजे रोलंड, वय त्रेसष्ट. आमच्या लिलवीक गावात चार नंबरची बस तो चौतीस वर्षं चालवत होता. स्टेशन, दवाखाना, शाळा, बंदर आणि परत. मी बारा वर्षांची असताना आई कामासाठी माल्मो शहरात गेली, तिथे तिला एक दंतवैद्य भेटला आणि ती तिथेच राहिली. तेव्हापासून घरात आम्ही दोघंच. मी टूवा, वय चोवीस, विद्यापीठात शिकते. माझ्या प्रबंधाचा विषय ‘नोकरीच्या ठिकाणी मोबाइलवरून प्रौढांचं शिक्षण’. हसू नका. माझ्या मार्गदर्शक बाईंना तो फार आवडला होता.

तर प्रौढांच्या शिक्षणातली ही तज्ज्ञ रोज संध्याकाळी आपल्या घरातल्या एकमेव प्रौढाला विचारायची, “बाबा, आज धडा केलास?”

“उद्या करतो.”

“काल पण उद्याच होतं.”

“अक्षरं फार बारीक आहेत गं त्याची.”

“मोठी करता येतात. दोन बोटं ठेवायची आणि अशी फाकवायची. हे बघ. झालं. एवढं पण जमत नाही तुला?”

तो बघायचा. मान जरा तिरकी करून बघायचा, मोबाइल उलटा ठेवायचा आणि रेडिओ लावायचा. मला वाटायचं, ही यांच्या पिढीची खास मस्ती. नवीन काही आलं की मान तिरकी.

त्याच दिवसांत, आमच्याकडचा उन्हाळा अजून चालू असताना, त्याने एकदा कॉफीत आंबवलेलं दूध ओतलं. आमच्याकडे साधं दूध आणि आंबवलेलं दूध एकसारख्याच खोक्यांत मिळतं, फक्त खोक्यावरचं नाव वेगळं. कॉफीत दह्याचे गोळे तरंगायला लागले.

“नाव वाचायला काय होतं तुला?” मी म्हणाले.

“घाईत होतो.”

“रविवार आहे आज.”

बाबाने गोळ्यांसकट सगळा कप संपवला आणि म्हणाला, “चव बरी आहे.” मी हा प्रसंग मैत्रिणींना तीन वेळा सांगितला. तिन्ही वेळा त्या खूप हसल्या.

आणि मग तो मंगळवार. सप्टेंबरची बारा तारीख, बाबाचे धडे शून्य. मी दात घासले, तोंड धुतलं, माझ्या मोबाइलवरून त्याच्या खात्यात शिरले आणि कामाला लागले. बसमध्ये एक धडा, वाचनालयात तीन, तासाला बसल्यावर शेवटच्या बाकावर एक. उत्तरं इतकी सोपी होती की डोकं लावायची गरजच नव्हती. ‘वृद्ध प्रवासी पडला तर काय कराल? अ) निघून जाल.’ नऊ दिवसांत बावीस धडे. खारीच्या हातांना फोड आले असतील.

संध्याकाळी मी बाबाला सांगितलं, “झाला तुझा अभ्यास. शंभरपैकी शंभर.”

त्याने रेडिओ बंद केला. मग म्हणाला, “थँक यू, पोरी.” आणि इतका मोठा श्वास सोडला, की मला वाटलं, बघा, एवढंसं काम आणि किती तो बाऊ.

आता मी जर साधी हुशार असते तर दोन-चार उत्तरं चुकवली असती. पण मला चुकीचं उत्तर देता येत नाही, बोट आपोआप बरोबर उत्तरावर जातं. बाबा एकसष्ट चालकांत पहिला आला. डेपोच्या चहापाण्याच्या खोलीत मोठ्या पडद्यावर त्याचा फोटो लागला. बाकीचे त्याला ‘प्रोफेसर’ म्हणायला लागले. कोणी म्हणे, “प्रोफेसर, माझा धडा सातवा अडलाय,” आणि मोबाइल त्याच्या नाकासमोर धरी. बाबा म्हणे, “तू आधी स्वतः प्रयत्न कर,” आणि तिथून उठे. यामुळे त्याची शिक्षक म्हणूनही कीर्ती झाली. मी त्याचं नाव बदलून त्याला माझ्या प्रबंधात घातलं. ‘ग, वय ६३, सुरुवातीला अनुत्सुक, नंतर उल्लेखनीय प्रगती.’

पहिल्या आलेल्याला केक द्यायचा असं ठरलं होतं. बाबाचा साहेब येस्पर, वय बत्तीस, अतिशय सज्जन माणूस. केक कापताना चार शब्द बोलावेत, बाबाने किती चिकाटीने कुठे कुठे वेळ काढला ते सांगावं, म्हणून त्याने बाबाच्या अभ्यासाची सगळी नोंद ॲपमधून काढली. तर धडा सतरावा, गुरुवार, सकाळी दहा बेचाळीस. गुरुवारी दहा बेचाळीसला बाबा चार नंबरची बस घेऊन शाळा आणि बंदर यांच्या मध्ये होता. बसमध्ये एकोणीस प्रवासी होते.

सतराव्या धड्याचं नाव, ‘गाडी चालवताना मोबाइल वापरू नये’. गुण, शंभरपैकी शंभर.

केक आला नाही. (आणलेला होता. नंतर कळलं, तो हिशेब विभागाने खाल्ला.)

मला यातलं काही माहीत नव्हतं. मी शुक्रवारी दुपारी घरी आले तर बाबा स्वयंपाकघरात बसून रेडिओ ऐकत होता. त्याने झालेलं सगळं सांगितलं. हवामान सांगावं तसं.

“मग तू सांगितलं नाहीस, की ते मी केलं?”

“नाही.”

“मग काय सांगितलंस?”

“म्हटलं, हो, मीच. चूक झाली. तीन आठवडे गाडी नाही, लेखी ताकीद. मग परत गाडी.”

“पण तू काही केलंच नाहीस, बाबा. तू आयुष्यात गाडी चालवताना रेडिओसुद्धा लावला नाहीस.”

“राहू दे, टूवा.”

“काय राहू दे? हाच तुमच्या पिढीचा घोळ आहे. साहेब म्हणाला की मान डोलवायची. चौतीस वर्षं एक ओरखडा नाही गाडीला आणि तू खोट्या आरोपावर सही करून आलास?”

“तीन आठवडेच आहेत. राहू दे म्हणतो ना.” आणि मग हळू आवाजात, “मी सांगतोय तर एकदा ऐक ना.”

मी ऐकलं नाही. मला अन्याय दिसला की बाकी काही ऐकू येत नाही.

सोमवारी मी त्याला ओढतच डेपोत नेलं. येस्परच्या खोलीत चालकांच्या संघटनेची गुन-ब्रिटही होती. बाबाच्याच बरोबर नोकरीला लागलेली, स्वतः सात नंबरची बस चालवणारी. मी उभी राहूनच भाषण सुरू केलं. सगळे धडे मी केले, हा माझा मोबाइल, ही माझी वाचनालयातली हजेरी, बाबा निर्दोष आहे. शिवाय खार टाळ्या वाजवते म्हणजे शिक्षण होत नाही, प्रौढ माणसाला शिकवण्याच्या पद्धती वेगळ्या असतात, मी त्याचा अभ्यास केलेला आहे. शेवटच्या मुद्द्यावर माझा आवाज जरा चढला.

“मला पटलंच नव्हतं,” गुन-ब्रिट म्हणाली. “हा माणूस उभ्या बसमध्येसुद्धा फोन उचलत नाही.”

येस्परच्या चेहऱ्यावर इतका आनंद पसरला, की मला त्याच्याबद्दल प्रेमच वाटलं. “मग ताकीद रद्द,” तो म्हणाला. “रोलंड, तुम्ही आधी का नाही बोललात? मी तीन रात्री झोपलो नाही.”

बाबा माझ्याकडे बघत नव्हता. तो उठला. “चला तर मग. उद्यापासून येतो.”

“हो, फक्त एक,” येस्पर म्हणाला. “धडे राहिलेच ना आता. सगळे नकोत आज. एक करूया इथेच, माझ्यासमोर, म्हणजे मला नोंद करता येईल. पाच मिनिटं.” आणि त्याने आपला मोठा पडदा असलेला टॅब बाबाच्या हातात दिला.

बाबा परत बसला. टॅब धरला. लांब केला, जवळ आणला.

“वाच ना,” मी म्हणाले.

त्याने टॅब पुन्हा लांब धरला.

“बाबा, वाच. पहिलीतलं पोरही वाचेल. सगळे थांबलेत.” हे मी म्हणाले. माझंच वाक्य आहे, त्यामुळे मला ते अक्षरन् अक्षर पाठ आहे.

बाबाने मान तिरकी केली. “चालकाने,” त्याने वाचलं. मग मान दुसऱ्या बाजूला केली. “चालकाने... थांब्यावर...” आणि टॅब मांडीवर ठेवला. “मधलं जातं,” तो म्हणाला. “कडेचं दिसतं. ज्याच्याकडे बघावं ते जातं.”

गुन-ब्रिटच्या हातात दालचिनीचा पाव होता. तो तिने बशीत ठेवला. “कधीपासून, रोलंड?”

“उजवा फेब्रुवारीपासून. डावा बरा होता. डावाही आता, उन्हाळ्यापासून.”

“आणि गाडी?”

“लांबचं दिसायचं. रस्ता पाठ आहे.” मग तोच म्हणाला, “ते काही उत्तर नाही, माहीत आहे मला. दर सोमवारी ठरवायचो, या शुक्रवारी सांगून टाकू. पण शुक्रवारी आठवडा नीट पार पडलेला असायचा. हे तीन आठवडे मिळाले होते ना, त्यात स्वतःच जाऊन सांगणार होतो. म्हटलं, आपल्या पायांनी जाऊ.”

येस्पर टेबलाकडे बघत म्हणाला, “रोलंड, मला आता हे कळलंय. न कळल्यासारखं मला करता येणार नाही.”

“करूही नकोस. वाटेत शाळा आहे.”

बाबाने छातीवरचा बिल्ला काढायला घेतला. पिन निघत नव्हती, बोटं भलतीकडेच चाचपत होती. मी हात पुढे केला. त्याने माझा हात बाजूला केला, रागाने नाही, नुसताच, आणि पिन स्वतः काढली. वेळ लागला. आम्ही तिघं थांबलो. त्या दिवशी मला पहिल्यांदाच थांबता आलं.

घरी येताना आम्ही चार नंबरनेच आलो, दुसरी बस आमच्याकडे जातच नाही. बाबा पहिल्या बाकावर बसला. गाडी चालवणारी मुलगी नवीन होती, ती त्याला ओळखत नव्हती. दवाखान्याच्या वळणावर तिने ब्रेक जरा उशिरा दाबला. बाबाचा उजवा पाय बाकाखाली आपोआप खाली गेला. मी खिडकीबाहेर बघत राहिले. माझे दोन्ही डोळे उत्तम आहेत, पण बाहेरचं काही दिसत नव्हतं.

“मी तोंड उघडायला नको होतं,” मी म्हणाले.

“उघडलंस ते बरंच झालं,” बाबा म्हणाला. “मला जमत नव्हतं.” दोन थांबे गेल्यावर म्हणाला, “फक्त मला निरोपाचा केक हवा होता गं. सगळ्यांना मिळतो.”

पुढच्या आठवड्यात मी त्याला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे घेऊन गेले. बाई साधारण आईच्या वयाच्या, हळू बोलणाऱ्या. त्यांनी डोळ्यांत थेंब घातले, फोटो काढले, बराच वेळ पाहिलं. उजव्याचं आता काही होणार नव्हतं. डावा इंजेक्शनं देऊन राखता येईल, पण बसचा परवाना संपला. परवान्यासाठी डोळे तपासले ते तीन वर्षांपूर्वी आणि पुढची तपासणी आणखी दोन वर्षांनी, म्हणून कोणाला कळलं नाही. उन्हाळ्यात आला असतात तर डावा पुष्कळ वाचला असता, असं त्या म्हणाल्या. कॉफीच्या त्या कपाचा उन्हाळा.

मी खुर्चीत ताठ बसून सगळं लिहून घेत होते. तारखा, औषधांची नावं, फोन नंबर. अशा वेळी घरात कोणीतरी शिकलेलं असलेलं बरं असतं.

“आठ महिने म्हणजे फार झाले,” डॉक्टर बाबाला म्हणाल्या. “पत्रं, पेपर, दुधाची खोकी, काहीच नीट वाचता येत नसणार तुम्हाला. घरात कोणी असतं की एकटेच राहता?”

“मुलगी असते,” बाबा म्हणाला.

“मग तिच्या कसं लक्षात आलं नाही?”

बाबाने माझ्या दिशेने मान वळवली, पण थेट नाही, जरा कडेला बघितलं. आता मला कळत होतं, तो असं मला नीट दिसावं म्हणून करतो.

“तिला अभ्यास होता,” तो म्हणाला. “माझा.”