सफरचंदाची बट्टी

लग्नाच्या पंगतीत पानात पुरी पडली की नाना ती उचलून दिव्यासमोर धरायचे. आरपार बघायचे, मग ताटाच्या कडेला सारायचे आणि चार माणसांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणायचे, "मैदा." एवढा एकच शब्द. पण तो असा उच्चारायचे की वाढपी दचकायचा आणि वधूपिता आचाऱ्याला शोधत निघायचा. मग नाना खिशातून फडक्यात गुंडाळलेल्या घरच्या पोळ्या काढत आणि यजमानांच्या भाजीशी निवांत खात. आहेर मात्र घसघशीत करत, त्यामुळे त्यांना आमंत्रण न द्यायची कुणाची छाती नव्हती.

नाना म्हणजे जळगावातल्या आमच्या गल्लीच्या तोंडाशी असलेल्या पिठाच्या गिरणीचे मालक. मूळचे सोनगीरचे. जळगावात अर्धं आयुष्य गेलं तरी जीभ अहिराणीच राहिली. भुवया, पापण्या, कानावरचे केस बारा महिने पिठाने पांढरे. दिवाळीला अंघोळ करून बाहेर आले की लहान पोरं ओळख पटेना म्हणून आईच्या मागे लपत.

मैद्याशी त्यांचं हाडवैर होतं. कुणी कारण विचारलं की म्हणत, "टॉकीजनं पोस्टर कशावर चिकटस? मैद्याच्या खळवर. मंग तुन्हं पोट काय टॉकीजनी भिंत शे?" यावर कुणी उत्तर दिलं तरी ते गिरणीच्या आवाजात ऐकू जात नसे.

शिवाय गल्लीतल्या घराघरांतलं राजकारण नानांना दळणाच्या डब्यावरून कळायचं. गहू न निवडता आला की म्हणत, "सासू-सुनानं बिनसनं." निम्मे अंदाज साफ चुकायचे, पण ते चुकलेले अंदाजही गावभर पसरायचे आणि त्यातून खरीच भांडणं व्हायची. मग नाना विजयी मुद्रेने म्हणत, "मी काय सांगेल व्हतं?"

मी त्यांची शेजारीण. मुलींच्या शाळेत गृहशास्त्र शिकवायचे. "रांधाले शिकाडाले शाळा?" असं म्हणून नानांनी माझा विषय कधीच निकालात काढला होता. तरी मला 'बाई' म्हणत आणि माझं दळण सगळ्यांच्या आधी घेत. बहुधा दयेपोटी.

त्यांचा एकुलता एक मुलगा मधू शिकायला अमेरिकेला गेला आणि तिथल्याच लिंडाशी लग्न करून मोकळा झाला. लग्नाचा फोटो आला. तिसऱ्या दिवशी नाना माझा डबा तोलता तोलता म्हणाले, "बाई, पोरगं मैद्यात पडनं." बस्स. पुढे दोन वर्षं बाप-लेकाचं बोलणं आमच्या घरच्या फोनवर, तेही 'पाऊस कसा आहे' इतपतच.

आणि एका रविवारी मधूचा फोन आला. तो लिंडाला घेऊन येणार होता. आधी दोन दिवस राहून बघू, म्हणाला. तिला नाही जमलं तर मुंबईला हॉटेलात जाऊ. हे तो आपला सहज बोलून गेला. नानांनी मात्र रिसीव्हर दोन्ही हातांनी घट्ट धरला. मग एकदम ओरडले, "तिन्ह्या घरमा काय खातस रे?"

पलीकडून उत्तर आलं, "अॅपल पाय."

या नावावरून गल्लीत जेवढे विनोद व्हायचे तेवढे पुढच्या आठवड्यात झाले. ते मी सांगत नाही. नानांनी एकाही विनोदाला दाद दिली नाही. फोन ठेवून ते मला म्हणाले, "बाई, तिले आठे, आपला घरमा, घास उतरना नई, ते मन्हं पोरगं परत काय येस?" आणि मग नेहमीच्या आवाजात, "हाई अॅपल पाय काय शे, सांगा."

मी चित्रात पाहिला होता. पण गृहशास्त्राच्या बाईंनी असं कबूल करायचं नसतं. मैद्याची पारी, लोणी, आत साखर-दालचिनी लावलेलं सफरचंद, वर झाकण, आणि भट्टीत भाजायचं, असं मी ठणकावून सांगितलं.

"मैदा?" नाना म्हणाले.

"मैदाच लागतो, नाना. कणकेचा नाही होत."

"मन्हा घरमा मैदा येणार नई. पोरगी गोरी शे ते शे, म्हणून काय तिले खळ खावाडू?"

तिथून पुढे सगळा कारभार त्यांच्या हाती गेला. आधी ते बाजारातून सफरचंदांची भली मोठी पिशवी घेऊन आले. आता आमच्या भागात केळी म्हणाल तर गुरांनाही मिळतात, पण सफरचंद म्हणजे आजारी माणसाचं फळ. पिशवी घेऊन नाना गल्लीत शिरले आणि संध्याकाळपर्यंत त्यांच्या ओट्यावर रांग लागली. कुणी थर्मास घेऊन आलं, कुणी कोणत्या दवाखान्यात ठेवलंय विचारलं. एका आजींनी तर नानांची बायको दिसेपर्यंत डोळ्यांचा पदर काढला नाही. ही बायको म्हणजे अक्का. धडधाकट अक्कांनी दारात येऊन सांगितलं, "कुणाले काही व्हयेल नई. यांच्या डोक्याले झालंय."

रंगीत तालीम माझ्या घरी ठरली, कारण गोल अॅल्युमिनियमचा ओव्हन माझ्याकडे होता. मी म्हटलं, लोणी थंडगार हवं, हात कमी लावा. नानांनी कणकेत कडकडीत तुपाचं मोहन ओतलं आणि ती अशी मळली की ओटा हलला. वर चिमूटभर ओवा टाकला.

"ओवा कशाला?"

"पचाले."

हळदीकडे गेलेला त्यांचा हात मी धरला. एवढं होऊन ओव्हन लावला आणि वीज गेली. आमच्याकडे ती एकदा गेली की कधी येईल ते वीजमंडळालाही माहीत नसायचं. उंडा तसाच पडून राहिला. दुसऱ्या दिवशी तो नानांनी गाईला घातला. गाय चावत राहिली बिचारी, पण तिने तक्रार केली नाही, हे त्यांनी मला दोनदा सांगितलं.

लिंडा यायच्या दिवशीही सकाळपासून वीज नव्हती. मला वाटलं, सुटलो. पाहते तर नानांच्या परसात धूर. कपाशीच्या काड्या पेटवून, भरताची वांगी भाजावीत तशी त्यांनी सगळी सफरचंदं जाळावर लावली होती! साली काळ्या पडून फुटत होत्या. "भाजाशिवाय गर निघस का?" असं मलाच विचारून त्यांनी साली सोलल्या, गर लाकडी भांड्यात मुसळीने ठेचला, गूळ-दालचिनी घातली. हिरवी मिरची अक्कांनी हातातून काढून घेतली म्हणून वाचली. मग थाळीत कणकेची जाड पारी, त्यावर गर, वर दुसरी पारी, वरून दुसरी थाळी पालथी, आणि सगळं गोवऱ्यांच्या निखाऱ्यात पुरून नाना राखण करत बसले. अंगावर नवा सदरा, भुवया चक्क काळ्या. त्या दिवशी गिरणी बंद ठेवली होती. अंत्ययात्रा सोडली तर त्यांनी गिरणी कधी बंद ठेवलेली मी पाहिली नव्हती.

लिंडा आली. उंच, उन्हाने लाल झालेली, सलवार-कमीज उलटसुलट सावरणारी. सगळी गल्ली खिडक्यांत. ती पाटावर बसली, मधू शेजारी, दुभाषी म्हणून मी समोर. नानांनी ती थाळी आणून ठेवली. वरचं झाकण काढलं. रंग निखाऱ्यात भाजलेल्या कणकेच्या बट्टीचा, वास भरताचा, आकार मात्र चित्रातल्यासारखा गोल. मला खरं तर अभिमानच वाटला.

लिंडाने सुरी शोधायला नजर फिरवली, तोवर नानांनी एक मोठा तुकडा तिच्या ताटात ठेवून त्यावर मूठ मारली. नव्या माणसाला बट्टी चुरता येत नाही, म्हणून घरातल्या थोरल्याने चुरून द्यायची, ही त्यांच्या घरची रीत. दोन्ही हातांनी त्यांनी त्या पायचा पार भुगा केला आणि वरून तुपाची धार धरली. मधूने डोळे मिटून घेतले. मी इंग्रजीत काय बोलावं याची जुळवाजुळव करू लागले.

लिंडाने बोटांनी घास उचलला. खाल्ला. दुसरा खाल्ला. मग हळूच काहीतरी म्हणाली.

"काय म्हने?" नानांनी विचारलं.

"छान झालंय म्हणते," मधू घाईघाईने म्हणाला. पण तिने मान हलवली आणि माझ्याकडे बघून पुन्हा सांगितलं. तेव्हा मी नानांना जसंच्या तसं सांगितलं. ती म्हणत होती, "आमच्याकडे हा असा नसतो. आमच्याकडे तो दुकानातून खोक्यात येतो. माझ्यासाठी घरी बसून कुणी केलेला मी आज पहिल्यांदा खातेय."

"खोकामा?" नाना हादरले. "बठ्ठा मैदा! सगळा!" आणि त्यांनी आणखी एक तुकडा तिच्या ताटात ठेवून त्यावर मूठ मारली.

लिंडा हसली. एवढा खटाटोप कशासाठी केलात, असं तिने माझ्या तोंडून विचारलं. नाना तुपाच्या भांड्यात बघत म्हणाले, "नवी पोर शे. परक्या घरमा पहिल्या दिवशी घास उतरत नई. मी देखेल शे."

वाढणारा अक्कांचा हात थांबला. अक्का मालवणकडच्या. त्यांचे मामा भुसावळला रेल्वेत होते, त्यांनी ही सोयरीक जुळवली आणि समुद्राकाठची मुलगी खानदेशातल्या ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरीवर येऊन पडली. तेव्हापासून त्या आमच्यातल्याच झाल्या होत्या, इतक्या की आम्ही विसरून गेलो होतो. नानाही विसरले असतील असंच मला वाटायचं.

जेवणं झाली. मधूने 'हॉटेल' हा शब्द काढला नाही. लिंडा पाटावरून उठायला मधूची मदत घेत होती. नाना मोरीवर हात धूत होते, अक्का तांब्याने पाणी घालत होत्या. मी हात धुवायला मागे उभी होते, हे दोघांच्याही लक्षात नव्हतं.

"तू नवी व्हती," नाना खाली बघत म्हणाले, "तवय तुले काय खावासं वाटे व?"

"आता काय त्याचं?"

"सांग ना. मी इचारंच नई कधी."

अक्कांनी पाण्याची धार पुन्हा धरली. मला वाटलं, आता विषय संपला. मग त्या म्हणाल्या, "घावन." जरा थांबून, "नारळाच्या रसातले." आणि मग जे सुरू झालं ते थांबेचना. तांदळाची भाकरी, ओल्या काजूची उसळ, फणसाची भाजी, सोलकढी, आजी करायची ती खापरोळी. आवाज हळूहळू माहेरचा होत गेला. तांब्यातलं पाणी कधीच संपलं होतं, तरी त्या तो तिरका धरून उभ्या होत्या.

नाना ओले हात तसेच पुढे धरून मोरीच्या काठावर बसले. "धीरे सांग, धीरे," ते म्हणाले, "माले ध्यानमा ठेवनं शे. हं, खापरोळी. आखो काय?"