चौदा कुंड्यांची सलाईन

धम्मानंदने मेडिकलमध्ये चौदा सलाईन सेट मागितले, तेव्हा त्याने चार शब्द जास्त बोलायला हवे होते.

"चौदा? कोण आजारी हाय, साहेब?"

"घरीच लावायच्यात," एवढंच सांगून तो निघाला. मे महिन्याचं ऊन डोक्यावर होतं आणि पहाटे आठ दिवसांसाठी उटीला निघायचं होतं.

सलाईनी झाडांसाठी होत्या. रेल्वेच्या ऑफिसात दिवसभर फायलींशी डोकं लावून आल्यावर धम्मानंदला घरच्या चौदा कुंड्यांपाशीच काय ती शांतता मिळे. गेल्या दिवाळीत गावाला जाताना त्याने शेजारच्या शिवप्पाकाकांकडे किल्ली दिली होती. काकांनी सकाळ-संध्याकाळ इतक्या मायेने पाणी घातलं, की मनी प्लांट मुळासकट कुजला. म्हणून यंदा किल्ली कुणालाच द्यायची नव्हती. मोबाईलवर पाहिलेली युक्ती करून त्याने कुंड्या हॉलमध्ये मांडल्या, कपड्यांच्या स्टँडला पाण्याच्या बाटल्या उलट्या टांगल्या आणि नळ्या मातीत खोचल्या.

"अहो, एवढं करण्यापरीस काकांनाच सांगा की," लुंबिनी बॅग भरताभरता म्हणाली.

"काकांचं नाव काढू नको!"

दाराला कुलूप लागलं. ऑफिसवाले सुट्टीतही सोडत नाहीत म्हणून धम्मानंदने मोबाईलही बंद करून टाकला. लुंबिनीच्या मोबाईलला डोंगरात रेंज सापडेना.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी त्याने सहज मोबाईल चालू केला. एक्केचाळीस मिस कॉल, सगळे शिवप्पाकाकांचे. त्याने घाबरून फोन लावला.

"कुठं हायस बाबा तू? इथं तुझी माय..."

"काय झालं मायला?"

"तिला कायबी न्हाई. इथंच चहा पिऊन राहिली."

"इथं? ती तर गावाला, लोह्याला हाय ना!"

मग काकांनी सगळं सांगितलं. खिडकीच्या जाळीतून त्यांना टांगलेल्या बाटल्या दिसल्या. मेडिकलवाल्याला विचारलं, तर तो म्हणाला, घरीच लावल्यात. काकांनी दोन दिवस पाळत ठेवली. बाटलीतलं पाणी बोटभरही उतरेना. सलाईन अंगात जात नाही म्हणजे पेशंटचं काही खरं नाही! आणि पेशंट कोण? नवराबायको तर उटीला. म्हणजे अधूनमधून गावाहून येणारी म्हातारीच! आईला सलाईन लावून, बाहेरून कुलूप घालून हे फिरायला गेले, असं दुपारपर्यंत गल्लीत सगळ्यांचं ठरलं.

काकांनी लोह्याला धम्मानंदच्या चुलत्याला, निवृत्तीला फोन केला. निवृत्तीला अर्धवट ऐकू आलं. 'धम्मानंदच्या घरी सलाईन, लवकर या' एवढंच. त्याने धम्मानंद सिरियस असल्याचं त्याच्या आईला, भामाबाईला सांगितलं. इकडे बजरंग वेल्डरने कुलूप कापलं, आणि माणसं "भामाबाई! भामाबाई!" करत आत घुसली. तेवढ्यात गेटापाशी ऑटो थांबला, आणि त्यातून भामाबाई रडतच उतरली.

तिने काकांच्या हातातून फोन घेतला. "आरं, मी तुझ्या नावानं रडून राहिले, अन् ही माणसं माझ्या नावानं!"

"माय, ते जाऊ दे. बाटल्या बघ. पाणी का उतरंना?"

"बघितलं की. नळीला चाक असतंय, ते तू फिरवलंच न्हाई. समदे बंद. झाडांनी माना टाकल्यात."

 

कुलूपच तुटल्यामुळे भामाबाईला राहणं भाग होतं. "तुम्ही निवांत फिरा, झाडाचं मी बघते," ती म्हणाली. पण धम्मानंदला कसला निवांतपणा! दऱ्या बघायच्या सोडून तो फोनवर ओरडत राहिला, "माय, अँथुरियमला कपभरच घाल, जास्त न्हाई!"

"गप बस. तुला काय म्या मोजून खाऊ घातलं व्हतं?"

आठव्या दिवशी दोघं परतली. गेट अर्धंच उघडलं. आत कुंडीला कुंडी लागली होती. व्हरांड्यात, जिन्यावर, पार बाथरूमपर्यंत. त्याच्या चौदा कुंड्या सगळ्यांच्या पुढे होत्या, हिरव्यागार, नव्या पानांच्या.

"माय, ह्या बाकीच्या कोणाच्या?"

"गल्लीच्या. तुझी झाडं कशी तरारली ते बघाया समदे येऊन गेले. म्हणले, आमचीबी ठिवू का? म्या म्हणलं, ठिवा."

"अन् ती माणसं कुठं हायेत?"

"फिरायला. लुंबिनीनं तुझ्या मोबाईलवरून धाडलेले उटीचे फोटो बघितले, अन् ज्याला त्याला सुट्टी आठवली. शिवप्पा तर लेकीकडं गेलाय, महिनाभर."

बोलताबोलता भामाबाईने आपली पिशवी उचलली आणि हे दोघं ज्या ऑटोतून उतरले, त्यातच जाऊन बसली. धम्मानंद मागे धावला.

"माय, नळ एक दिवसाआड येतोय! एवढ्या झाडाला पाणी कसं पुरायचं?"

"पुरतंय की," भामाबाई पदर सावरत म्हणाली. "तू अंघोळ एक दिवसाआड कर."

आणि ऑटो निघाला.